आठ अधिक आठ: बिग ईस्ट का फुटली

बिग ईस्ट ही अमेरिकेतली एक कॉन्फरन्स, म्हणजे आपसात सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट. तिचं घर डिसेंबर २०१२ मध्ये फुटलं, पण भिंत २००५ मध्येच घातली गेली होती. त्या वर्षी कॉन्फरन्समध्ये सोळा कॉलेजं झाली. त्यातली आठ बिग ईस्टमधून अमेरिकन फुटबॉल खेळत होती आणि आठ खेळत नव्हती. नोत्र दाम या दुसऱ्या आठांत, कारण त्यांचं फुटबॉल स्वतंत्र. उरलेली सात कॅथलिक कॉलेजं: जॉर्जटाउन, व्हिलानोवा, सेंट जॉन्स, प्रॉव्हिडन्स, सीटन हॉल, मार्केट (Marquette) आणि डीपॉल.

खरी मेख नियमात आहे. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था. तिच्या वरच्या फुटबॉल गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, कॉन्फरन्स टिकवायची तर फुटबॉल खेळणारे किमान आठ पूर्ण सभासद लागतात. म्हणजे बिग ईस्टकडे नेमके लागतील तेवढेच होते, एकही जास्त नाही. एक कॉलेज गेलं की सवलतीच्या मुदतीत दुसरं शोधायचं, ते कसंही असो. फुटबॉल सोडून दिलं तर डिव्हिजन वनच्या, म्हणजे एनसीएएच्या सर्वात वरच्या श्रेणीतल्या, कॉन्फरन्सला सात सभासद पुरतात. कॅथलिक कॉलेजं बरोबर सात होती, हे लक्षात ठेवा.

आता नवा सभासद घ्यायचा तर वाटा दोन. पूर्ण सभासद केला, तर त्याचा बास्केटबॉल संघही गळ्यात पडतो. फक्त फुटबॉलपुरता घेतला, तर बास्केटबॉलला धक्का नाही, पण पूर्ण सभासद नसल्याने तो त्या आठांत धरला जात नाही, शिवाय त्याचा जीव दुसऱ्याच कॉन्फरन्समध्ये अडकलेला असतो आणि बरी ऑफर आली की तो जातो.

पूर्ण सभासद वाढले की बास्केटबॉलचं नुकसान वेळापत्रकात दिसतं. सोळा संघ आणि कॉन्फरन्सचे अठरा सामने, म्हणजे पंधरा प्रतिस्पर्ध्यांपैकी फक्त तिघांशी दोनदा गाठ. बाकीच्यांशी एकदाच, मग आपल्या मैदानावर किंवा त्यांच्या. जुनी वैरं यातच बोथट होतात. दहा संघ असले तर त्याच अठरा सामन्यांत प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक असा पूर्ण फेरा बसतो.

दुसरं नुकसान पैशाचं. एनसीएएच्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेत संघाने खेळलेल्या प्रत्येक सामन्याला, अंतिम सामना सोडून, एक ‘युनिट’ मिळतं. त्याचे पैसे सहा वर्षं येत राहतात, आणि ते कॉलेजच्या नव्हे, कॉन्फरन्सच्या खात्यात. स्पर्धेपर्यंत न पोचणारा संघ घेतला की भागीदार वाढतो, युनिटं वाढत नाहीत. वर कॉलेज सोडून गेलं तरी त्याने कमावलेली युनिटं मागेच राहतात, त्यामुळे निघताना प्रत्येक जण हिशोब करूनच निघतो.

फुटबॉलवाल्यांची बाजूही पोकळ नव्हती. तेव्हा एफबीएस संघाला ८५ शिष्यवृत्त्या देता येत, पुरुषांच्या बास्केटबॉलला १३. एवढा खर्च टीव्हीच्या मोठ्या कराराशिवाय निघत नाही आणि टीव्हीवाले मोठी रक्कम मोजतात ती मुख्यतः शनिवारच्या फुटबॉलसाठी. १९८२ मध्ये पेन स्टेटला घेण्याचा ठराव एका मताने पडला. माझ्या मते बिग ईस्टची सगळ्यात महागडी चूक तीच. पूर्वेकडचा सगळ्यात मोठा फुटबॉल संघ शेवटी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्सकडे गेला.

२०११ मध्ये या कॉन्फरन्सचे अकरा संघ एनसीएए स्पर्धेत होते आणि कनेटिकटने विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी ईएसपीएन या क्रीडावाहिनीचा वर्षाला सुमारे १३ कोटी डॉलरचा टीव्ही कराराचा प्रस्ताव नाकारला गेला, खुल्या बाजारात याहून जास्त मिळतील या आशेने. सप्टेंबरात सिरॅक्युज आणि पिट्सबर्गने एसीसी ही दुसरी कॉन्फरन्स गाठायचं ठरवलं. पाठोपाठ वेस्ट व्हर्जिनिया बिग ट्वेल्व्ह या आणखी एका कॉन्फरन्सकडे निघाली. येऊ घातलेली टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) तर दारातूनच तिकडे वळली. बास्केटबॉलचं वैभव त्या आठच्या आकड्याला वाचवू शकलं नाही.

नोव्हेंबर २०१२ च्या अखेरीला रटगर्स बिग टेनकडे आणि लुइव्हिल एसीसीकडे जाणार हे जाहीर झालं. त्याच आठवडाभरात बिग ईस्टने टुलेनला पूर्ण सभासद करायचं ठरवलं. टुलेनचा बास्केटबॉल संघ त्याआधी एनसीएए स्पर्धेत खेळला होता तो १९९५ मध्ये. कॅथलिक कॉलेजांचा संयम इथे संपला, आणि मला त्यात नवल वाटत नाही. १५ डिसेंबरला सातही जणांनी एकत्र बाहेर पडण्याची घोषणा केली. एकत्र, हे महत्त्वाचं. पाच गेले असते तर कॉन्फरन्स म्हणून उभंच राहता आलं नसतं.

तडजोड मार्च २०१३ मध्ये झाली. सातांना ‘बिग ईस्ट’ हे नाव आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधली स्पर्धा मिळाली, साठलेल्या रकमेचा मोठा हिस्सा फुटबॉलवाल्यांकडे राहिला. बटलर, झेवियर आणि क्रेटन येऊन दहा झाले. मग टीव्हीचे करार झाले तेव्हा गंमत दिसली: नव्या बिग ईस्टला फॉक्सकडून बारा वर्षांचे सुमारे ५० कोटी डॉलर, तर फुटबॉलवाल्यांच्या अमेरिकन अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्सला सात वर्षांचे सुमारे १२.६ कोटी. पैसा फुटबॉलमध्ये असतो हे खरं, पण कुणाच्या फुटबॉलमध्ये, हे विचारायला लोक विसरतात. मोठी नावं निघून गेल्यावर उरलेल्या फुटबॉलला तो भाव नव्हता.

कनेटिकट मधल्या काळात अमेरिकन अ‍ॅथलेटिकमध्ये अडकली. २०२० मध्ये ती बिग ईस्टमध्ये परतली आणि फुटबॉल स्वतंत्र ठेवलं, म्हणजे हंगामाचे बाराही सामने स्वतः जुळवायचे. बास्केटबॉलची विजेतेपदं २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोनदा आली, तरी २०२४ मध्ये बिग ट्वेल्व्हशी बोलणी झालीच आणि ती थांबली. आठचा आकडा अजूनही तसाच छळतो. गोंझागा हे कॉलेज पॅक ट्वेल्व्ह या कॉन्फरन्समध्ये यायला तयार झालं, पण त्याच्याकडे फुटबॉलच नाही, म्हणून आठवा सभासद म्हणून ते मोजलं जात नाही. ती जागा भरायला २०२५ मध्ये टेक्सास स्टेटला घ्यावं लागलं.