प्लग कॅपची तक्रार

माझं भुसावळला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. रेसिंगशी आपला संबंध एवढाच की पोलिसांनी पकडलेल्या पोरांच्या बुलेटला परत कंपनीचा सायलेन्सर बसवून द्यायचा. पण मागे मार्चमध्ये जळगावकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात गो-कार्टची स्पर्धा होती, तिथले एक सर माझे जुने गिऱ्हाईक, म्हणे भाऊ, पुस्तकवाले भरपूर आहेत, इंजिन खोललेला एक माणूस पाहिजे तपासायला. गेलो.

नियम साधा होता. इंजिन 125 सीसीच्या आत आणि कंपनीने दिलं तसंच, आत-बाहेर काही बदल चालणार नाही. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की बाहेरच्या देशात अशा स्टॉक क्लासला ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं 206 इंजिन कंपनीतूनच सील होऊन येतं, 6100 आरपीएमच्या वर जातच नाही, आणि तिकडचा हिशोब असा की नियमात 'करा' असं लिहिलं नसेल तर करायचंच नाही. आपल्याकडे सील कुठलं, पोरं भंगारातून शाईनचं नाहीतर डिस्कव्हरचं इंजिन उचलतात आणि कामाला लागतात.

दुपारी रेस संपली, ऊन असं की हेल्मेट हातात धरवेना, आणि पहिल्या नंबरच्या कार्टवर दुसऱ्या टीमने लेखी तक्रार ठोकली. कशाची, तर प्लग कॅपची, म्हणजे स्पार्क प्लगवर बसते त्या टोपीची! त्या कार्टला लाल सिलिकॉनची कॅप होती, शाईनला कंपनीची काळी येते. मी कॅप वायरवरून फिरवून काढली आणि मीटर लावला, सरळ शून्य ओहम. कंपनीच्या कॅपमध्ये पाच किलोओहमच्या आसपास रेझिस्टर असतो, म्हणजे बदल झालेला आहे हे खरं.

टीमची कॅप्टन एक मुलगी होती, धुळ्याकडची, हातात वही. म्हणाली, "काका, रात्री जुनी कॅप तडकली, अंधारात हेडवर निळी ठिणगी उडताना दिसत होती, दुकानात हीच भेटली." पिशवीतून जुनी कॅप काढून दाखवली, खरंच केसासारखी चीर होती. मग तिनेच विचारलं, रेझिस्टर काढला तर स्पार्क जास्त जोरात पडेल ना? हे मला गॅरेजात रोज कोणीतरी विचारतं. बाई गं, ठिणगी उडेपर्यंत वायरमधून करंट जवळपास वाहतच नाही, करंट नाही तर त्या रेझिस्टरवर व्होल्टेज पडणार कुठून, प्लगच्या टोकाच्या गॅपवर तेवढंच जातं जेवढं आधी जायचं. ठिणगी उडाल्यावरचा झटका तेवढा तो दाबतो, म्हणून रेडिओत खरखर येत नाही आणि गाडीचा डिजिटल मीटर वेड्यासारखा नाचत नाही. पॉवर बिवर काही नाही. रंगीत कॅप विकणाऱ्यांचा धंदा यावरच चालतो.

मी म्हटलं कॅप बदला, थोडा दंड लावा, संपवा. पण तक्रार लेखी होती, आणि लेखी असली की पहिल्या नंबरचं इंजिन उघडायचंच असं त्यांच्या कागदात होतं.

इंजिन गार व्हायला तासभर गेला. टायमिंग चेन तारेने बांधून ठेवली, नाहीतर खाली पडते आणि मग बसा काढत, आणि हेड उचललं. पिस्टनवर काजळीचा थर. पेट्रोलचं फडकं फिरवलं तर काजळीखालून आधी बाण आला, मग बारीक आकडे आले, 0.25, म्हणजे पिस्टन पाव मिलीमीटर मोठा.

मी दोनदा पुसलं. जुन्या, 2020 च्या आधीच्या शाईनचा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, 52.4 मिलीमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, 57.8, कंपनी सांगायची 124.7 सीसी. बोअर पाव मिलीमीटर वाढला की 125.8 होतात. कोणीतरी आधीच्या मालकाने लेथवर बोअर मारून घेतला होता, आणि पोरांनी हेड कधी खोललंच नव्हतं, चालतंय ना मग कशाला हात लावा.

त्यांच्यातला एक पोरगा भडकला, "भो, ओव्हरसाइज पिस्टन दुकानात सरळ भेटतो, मग तो स्टॉक नाही का? आमले काय माहीत आत काय हाय!" त्याचं चूक नव्हतं. खरं सांगायचं तर नुसत्या सीसीवर धरलं असतं तर नव्या सिलिंडरचा बोअर एक दशांश मिलीमीटर झिजला तरी 125 पार होतं, मग जुनी सगळीच इंजिनं बाद. म्हणून मी कागदावर सीसी लिहिलंच नाही, 'पिस्टन स्टँडर्ड साइजचा नाही' एवढं लिहिलं आणि सही केली. रेसचे मार्क गेले, डिझाईनचे राहिले. एका सीसीने कार्ट पहिली येत नाही हे मलाही कळतं, ती पोरगी वळणावर गाडी चांगली काढत होती म्हणून आली, पण ते लिहायला कागदावर रकानाच नव्हता.

तक्रारवाला कॅप्टन मागून येऊन विचारतो, काका, मग प्लग कॅपचं काय ठरलं?

मी त्याला म्हटलं, जा, हेड गॅस्केट आण. इंजिन मी उघडलं होतं तर बंद करायलाही मीच पाहिजे, आणि खोललेलं गॅस्केट परत लावत नाही मी. तो बिचारा मुकाट्याने गेला आणि स्वतःच्या टीमच्या खोक्यातलं नवं गॅस्केट घेऊन आला, पैसेही घेतले नाहीत. मुलीने चेन धरली, त्याने टॉर्च धरला, अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं ते इंजिन जोडत बसलो.