तुम्ही विचारलंत म्हणून: दारात गाडी, तरी एसटी का?

"दारात गाडी आहे, लायसन आहे, तरी भंडारदऱ्याला लाल डब्यातून का जाता?" सोसायटीत, ऑफिसात, दादाकडे जेवायला बसल्यावर, इतक्यांदा विचारून झालंय की मी उत्तरं बदलत राहिले. पेट्रोल परवडत नाही. कसारा घाटात स्टिअरिंग धरायचा कंटाळा. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. यातलं काहीच खोटं नाही, पण यातल्या एकासाठीही मी पहाटेची कसारा लोकल पकडलेली नाही.

मी जाते ती खिडकीसाठी. कसाऱ्याहून काळी-पिवळीने घोटी, तिथून पुढे एसटी. एसटीची खिडकी उंच असते, त्यामुळे बांधापलीकडची खाचरं, त्यात वाकलेल्या बायका, त्यामागचा डोंगर असं सगळं एका रांगेत दिसतं. कारमधून रस्त्याकडेचं गवत दिसतं. चालवणाऱ्याला तर डांबरच. बारीला गाडी थांबली की सॅकवाली पोरं कळसूबाईकडे उतरतात. शिखर 1646 मीटरचं, राज्यात सगळ्यात उंच, आणि पावसाळ्यात ते ढगातून बाहेर यायचं नाव घेत नाही. पुढे शेंडी, आणि 1926 साली पुरं झालेलं विल्सन धरण. नकाशावर त्या पाण्याचं नाव आर्थर लेक. गाडीत ते नाव घेतलेलं मी एकदाही ऐकलं नाही. जुलै लागला की चढणारा प्रत्येक जण एकच विचारतो, "धरण भरलं का?"

(काजवे मात्र मी कारनेच जाऊन पाहिले. रात्री एसटी कुठून आणणार? पुढच्या-मागच्या गाड्यांचे दिवे बघत अर्धी रात्र गेली. त्या दिव्यांत आमचेही दोन होते.)

पण दादा विचारतो तेव्हा त्याला खिडकीबद्दल ऐकायचं नसतं. त्याला विचारायचं असतं ते जुलै 2023 बद्दल.

आई तेव्हा 77 वर्षांची. पंच्याहत्तरीपुढे एसटीचा प्रवास फुकट, त्याचं तिला भारी अप्रूप. आधार कार्ड दाखवून मिळालेली शून्य रुपयांची तिकिटं ती पोथीत जपून ठेवायची. त्या दिवशी तिने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. चाळीस वर्षं प्रवास केलेल्या बायकांना हे शिकवावं लागत नाही. मीच तिला धरणाजवळच्या टपरीवर बसवलं आणि आग्रहाने दोन कप चहा पाजला. "घे गं, काही होत नाही."

परतीला आम्ही एका फाट्यावर उभ्या होतो. पत्र्याची शेड, आत आठ-दहा माणसं, बहुतेक पुरुष. मागे पाण्याने भरलेली खाचरं. आडोसा म्हणून एक झुडूप नाही. गाडी येईना. पाऊस असा की घाटात कुठे काय झालंय कुणाला ठाऊक. पाऊण तास गेला. आईने एकदा हळूच विचारलं, "इथं कुठं सोय?" मी म्हटलं, "येईलच गाडी, घोटीला बघू." पुन्हा तिने विचारलं नाही. थोड्या वेळाने माझ्या हातात छत्री दिली आणि शेडमधून उतरून सरळ पावसात जाऊन उभी राहिली.

आणि मी ओरडले. सगळ्यांसमोर. "अगं, वेड लागलंय का? आत ये, भिजशील!"

ती आली नाही. पाठ करून उभी राहिली, पातळ अंगाला चिकटेपर्यंत. मला कळायला दोन मिनिटं लागली असतील.

गाडी आली तेव्हा कंडक्टर म्हणाला, "आजी, पार भिजलात की." आई म्हणाली, "हो ना, पाऊस फार." मग माझा रेनकोट मागून घेतला, सीटवर नीट पसरला आणि त्यावर बसली. घोटीपर्यंत एक शब्द नाही. दादाला मी फक्त "भिजली, ताप आला" एवढंच सांगितलं. तो तेवढ्यावरच माझ्यावर चिडलेला आहे.

कार असती तर हे झालं नसतं. तुम्ही हेच म्हणणार. मीही म्हणते, विशेषतः रात्री. मग दिवसा वाटतं, कारने नेलं असतं तरी चहा मीच पाजला असता, "येईलच आता" मीच म्हटलं असतं. आडोसा नसण्याचा दोष एसटीच्या चाकांवर कसा ढकलू? त्या शेडमध्ये रोज उभ्या राहणाऱ्या बायका काय करतात, हा प्रश्न मला इतकी वर्षं खिडकीतून बघताना पडला नव्हता. उंच खिडकीचं कौतुक सांगणारी ती बाई मला आताशा जरा आगाऊ वाटते. तरी ती जाते. महिन्या-दीड महिन्याने जातेच.

पुढच्या वर्षी मी आईला म्हटलं, "या वेळी गाडीने जाऊ, हवं तिथे थांबू." तिने पोथीतून मान वर केली नाही. म्हणाली, "तू जाऊन ये. धरण भरलं का ते सांग."

ती गाडीला नाही म्हणाली की मला, हे मी विचारलेलं नाही. गेल्या खेपेला संध्याकाळी परत येऊन सांगितलं, भरलं. तिने माझं तिकीट मागून घेतलं, उलटून बघितलं आणि म्हणाली, "तुला अजून अर्धंच."