चौथ्या गाण्यातला बास

परदेशातल्या फेस्टिव्हलमध्ये आमच्या मेटल बँडला वाजवायला 40 मिनिटं मिळाली. परतताना माझ्या सॅकमध्ये एक हार्ड डिस्क होती आणि तिच्यात 24 ट्रॅक, म्हणजे वाद्यांची आणि माइकची वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज. आवाज थोडे वर-खाली केले की लाइव्ह अल्बम तयार, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात चार महिने गेले.

ड्रमसेट तिथलाच, भाड्याचा. आमच्या ड्रमरने सोबत फक्त डबल पेडल (दोन्ही पायांनी मोठा ड्रम वाजवायचं), स्नेअर आणि सिंबल नेले होते. गिटारचे अँपही परके, पण अँपच्या आधीचा कोरा सिग्नल डीआय बॉक्समधून (गिटारचा सिग्नल थेट घेणाऱ्या डबीतून) वेगळा रेकॉर्ड झाला होता. तो मी घरी आमच्याच अँपमधून पुन्हा वाजवून घेतला. काही जण याला लबाडी म्हणतात. बोटं त्याच रात्रीची आहेत, त्यामुळे मला तसं वाटत नाही.

खरा घाम काढला तो प्रेक्षकांचा आवाज टिपणाऱ्या माइकनी. ते स्टेजपासून 30 मीटरवर, साउंड डेस्कपाशी लावलेले. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे तिथे तो 87 मिलिसेकंद उशिरा पोचतो. हळू संगीतात हे खपून गेलं असतं. आमच्याकडे मिनिटाला 220 मात्रांच्या टेंपोला डबल किक सोळाव्या मात्रांत, म्हणजे एका मात्रेत चार ठोके, अशी चालते; दोन ठोक्यांत जेमतेम 68 मिलिसेकंद! एका ठोक्याचा मागून येणारा आवाज पुढच्या ठोक्याच्याही पलीकडे जाऊन पडायचा आणि सगळ्याचा गिचका व्हायचा. शेवटी ते ट्रॅक तेवढे आधी सरकवले, खालचे सूर कापले आणि गाणी चालू असताना प्रेक्षक जवळजवळ बंदच ठेवले.

आमचा गायक माइकची जाळी मुठीत धरतो. दिसायला झकास, पण मागची छिद्रं बंद झाली की माइक चहूबाजूंचं ऐकायला लागतो. त्याच्या ट्रॅकमध्ये निम्मे सिंबलच होते. दोन ओळींमधल्या जागा मी एकेक करून कापल्या, तर तो थांबला की ड्रम एकदम मलूल! दोन रात्रींची मेहनत परत फिरवली आणि त्या जागा फक्त 6 डेसिबलने खाली घेतल्या.

आणि मग चौथं गाणं. पहिल्या 40 सेकंदांनंतर बास गिटारच्या ट्रॅकवर नुसती खरखर. केबल निसटली असणार, स्टेजवर कुणालाच कळलं नाही.

“मी परत वाजवतो, दहा मिनिटांचं काम आहे,” बासिस्ट म्हणाला.

ड्रमर भडकला. जुडास प्रीस्ट या मेटल बँडच्या 1979च्या टोकियोतल्या लाइव्ह अल्बममध्ये गायकाचा आवाज नंतर स्टुडिओत भरला होता, त्यावरून लोक अजून टोमणे मारतात, हे त्याचं म्हणणं. मी त्या दिवसांत डेथ या मेटल बँडचा आइंडहोवनचा लाइव्ह अल्बम रोज ऐकत होतो. 1998च्या डायनॅमो फेस्टिव्हलमधलं ते रेकॉर्डिंग 2001मध्ये बाहेर आलं, डेथचा गायक-गिटारिस्ट चक शुल्डिनर याच्या उपचारांसाठी पैसे उभे करायला. आमच्यामागे तसलं काही कारण नव्हतं. गाणं गाळलं असतं तरी चाललं असतं. पण त्या रात्री सगळ्यांत चांगलं तेच वाजलं होतं.

बासिस्टने खुर्चीत बसून वाजवलेला पहिला टेक फारच स्वच्छ आला. स्टेजवर हा माणूस कधी एवढा सरळ वाजवत नाही. मग त्याला उभा केला, हेडफोन कान फाटतील इतके मोठे केले आणि गाणं एका दमात घेतलं. दोन चुका झाल्या, त्या ठेवल्या. कव्हरच्या आत ओळ छापली: ‘चौथ्या गाण्यातला बास नंतर वाजवला आहे.’ ड्रमर त्या ओळीवर राजी झाला.

राहिला गायक. त्याने तिथल्या भाषेतलं ‘शुभ संध्याकाळ’ विमानात पाठ केलं होतं, आणि स्टेजवर ते असं काही उच्चारलं की पुढच्या रांगा खो-खो हसल्या. “तेवढं काप ना,” म्हणून तो मागे लागला होता. मी उलट तिथे प्रेक्षकांचे माइक पूर्ण वर केले. तो भाग आला की गायक अजून रेकॉर्डिंग पुढे ढकलतो.