तुम्ही विचारलंत म्हणून: लोकर का फाटते

"काकू, तुमची लोकर फाटत कशी नाही? सुई कितव्या नंबरची घेता?" हे मला हळदीकुंकवात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात आणि हल्ली फोनवर फोटो पाठवून विचारतात. फोटोत टाक्यातून एखादा पदर, म्हणजे लोकर ज्या बारीक धाग्यांना पीळ देऊन केलेली असते त्यांतला एक, बाहेर लोंबत असतो; ह्यालाच आम्ही लोकर फाटणं म्हणतो. मी नंबर सांगते. पुढच्या आठवड्यात तसाच फोटो परत येतो, फक्त लोकरीचा रंग वेगळा. म्हणून आता एकदाच, मनात आहे ते सगळं लिहिते.

पहिली गोष्ट, माझीही लोकर फाटते. तुम्हाला दिसतं ते विणून झालेलं. त्याआधी मी किती टाके मागे घेतलेत ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट, नुसत्या नंबराने काही होत नाही. ग्वाल्हेरच्या बाड्यावरच्या, म्हणजे मुख्य बाजारातल्या, दुकानांतून आपण जिला लोकर म्हणून आणतो ती बहुतेक वेळा कृत्रिम तंतूंची, म्हणजे अ‍ॅक्रिलिक असते. मेंढीच्या लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि पदरांना धरून ठेवतात. अ‍ॅक्रिलिकचा तंतू गुळगुळीत. तिथे पदर एकत्र राहतात ते केवळ पिळाच्या जोरावर. पीळ सैल पडला की सुईच्या टोकाला दोन पदरांमधून वाट मिळते. मशीनमध्ये धुता येते म्हणून जी महाग मेरिनो (मेरिनो मेंढीची मऊ लोकर) विकतात, तिचे खवले मुद्दाम काढलेले असतात किंवा लेप देऊन झाकलेले असतात, त्यामुळे तीही सहज फाटते. "एवढे पैसे मोजले तरी" म्हणून हळहळण्यात अर्थ नाही.

हे मला आपोआप कळलेलं नाही. नणंदेच्या मुलाच्या पहिल्या बोरन्हाणाला मी क्रोशाचं काळं झबलं विणलं होतं. कापडाचं शिवलेलं सगळेच घालतात, पण ग्वाल्हेरची संक्रांतीची थंडी तुम्हाला माहीत आहे. भाच्याला ऊब मिळावी असं मला वाटलं. काळ्या लोकरीत टाका नीट दिसत नाही. रात्री दिव्याखाली क्रोशाची सुई पदरात घुसली की कधी बोटांना कळायचं, कधी कळायचंच नाही. शेजारी सासूबाई त्याच गुंड्यातल्या लोकरीची टोपी क्रोशानेच विणायच्या. त्यांचा एक पदर सुटत नसे.

बोरन्हाणाच्या दिवशी बाळाला पाटावर बसवलं, हलव्याचे दागिने घातले. त्या वर्षीच्या हलव्याला काटा फार सुरेख आला होता, आल्या-गेल्या बायका त्याचंच कौतुक करत होत्या. डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतले, बाळ घाबरून रडलं, त्याने हात झाडले. दागिने काढायला घेतले तर हार झबल्याला अडकलेला. हलव्याचे काटे सुटलेल्या पदरांत रुतले होते. नणंदेने अगदी हलकेच ओढला, तरी छातीवरच्या टाक्यांतून काळे पदर केसांसारखे लांबच लांब बाहेर आले. तिने बाळाला उचललं आणि झबलं काढून ठेवलं. मग ते हातोहात फिरलं. कोणी वाईट बोललं नाही, पण प्रत्येकीने बोट घालून पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "विणताना हिचं चित्त थाऱ्यावर नसतं." एवढंच म्हणाल्या. मी तिळगुळाचं ताट घेऊन आत गेले ती सगळ्या गेल्यावरच बाहेर आले. झबल्याला मी किती रात्री दिल्या होत्या ते त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, त्यांना तर सर्वांत जास्त.

सासरे, म्हणजे अण्णा, ग्वाल्हेरच्या जेसी मिल ह्या कापड गिरणीत स्पिनिंग, म्हणजे सूत कातण्याच्या खात्यात होते. दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात बसून त्यांनी झबलं मागवून घेतलं. शेवटच्या टाक्याजवळचं उरलेलं टोक चिमटीत धरून जरासं फिरवलं, तर पदर सुटे होऊन पसरले. "ह्याचा पीळ गेलाय," म्हणाले. मग टोपीचं टोक तसंच धरलं. ते सैल सोडताच स्वतःभोवती वळून आकसलं. "आणि ह्याचा वाढलाय. गुंडा एकच होता ना?" त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि विणायला सांगितलं. बराच वेळ नुसते हात बघत राहिले.

सासूबाई डावखुऱ्या. जेवण, हळदीकुंकू, लिहिणं, सगळं उजव्या हाताने; लहानपणी मार खाऊन लावून घेतलेली सवय. क्रोशा मात्र डाव्या हातात. तिथे कोणी मारायला नव्हतं.

अण्णांनी सांगितलं ते असं. लोकरीचा एकेक पदर आधी एका दिशेला कातलेला असतो आणि मग सगळे पदर मिळून उलट दिशेला पिळतात. गिरणीत ह्या दिशांना एस आणि झेड म्हणतात, त्या इंग्रजी अक्षरांच्या मधल्या तिरप्या रेघेवरून. बाजारातल्या बहुतेक लोकरीचा शेवटचा पीळ एस. उजव्या हाताने क्रोशा करताना सुईवर घेतलेला प्रत्येक वेढा हा पीळ थोडा थोडा उलगडतो, डाव्या हाताने तोच पीळ आवळला जातो. क्रोशाच्या काही सुती दोऱ्यांचा शेवटचा पीळ झेड असतो, तिथे उजव्या हाताचं काम सोपं होतं.

मला तिथेच रडू आलं. रागही आला. सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग सुयांवरही माझी लोकर का फाटत नाही? तिथे तर मी हिच्यासारखीच उजवी विणते." अण्णा गप्प झाले.

पुढे कित्येक वर्षं मी माझ्या हातावर कोणी बोललं की पिळाची गोष्ट ऐकवायचे. त्या वेळच्या 'मी'चं म्हणणं असं की दोष लोकरीचा, विणणारीचा नाही. आज त्या 'मी'शी माझं पटत नाही. सासूबाईंचा टाका सैल असायचा, सुईवर मोकळा सरकायचा. माझा घट्ट. घट्ट टाक्यात सुईला शिरायला जागाच नसते, टोक दाबून घालावं लागतं आणि मग ते टाक्याखालून न जाता पदरांमधून जातं. तेव्हा हाताचा प्रश्न होताच. पण त्याला चित्त नसणं म्हणावं, हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. चुकेल ह्या धास्तीने मी प्रत्येक टाका आवळत होते. लक्ष कमी नव्हतं, जास्तच होतं. हे त्यांच्याशी बोलायचं राहून गेलं आणि बोलले असते तरी त्यांनी मानलं असतं असं वाटत नाही.

आता तुम्हाला हवं ते. गुंडा विकत घेण्याआधी टोक चिमटीत धरून पीळ उलगडेल असं फिरवून बघा. अर्ध्या फेऱ्यात पदर सुटे झाले तर ती लोकर क्रोशाला घेऊ नका, सुयांना चालवता येईल. गुंडा जागेवर ठेवून एका टोकावरून लोकर ओढली की दर वेढ्यामागे एक पीळ वाढतो किंवा कमी होतो. गुंडा उलटा करून दुसऱ्या बाजूने काढली की नेमकं उलट. दोन्हीकडून थोडं थोडं विणून बघा आणि ज्या बाजूने पीळ आवळतो ती धरा. फरक थोडाच पडतो, पण अख्ख्या स्वेटरभर पडतो. विणता विणता पीळ सैल दिसला तर मी गुंड्याला पिन लावते, हातभर लोकर सोडून तो लोंबता धरते आणि पीळ आवळेल त्या दिशेने फिरवते.

सुईबद्दल विचारता तर नंबरापेक्षा टोक बघा. फार टोकदार सुई लेसच्या नाजूक विणीला ठीक, सैल पिळाच्या अ‍ॅक्रिलिकला बोथट गोल टोकच हवं. आणि टाका घट्ट पडत असेल तर १० नंबर, म्हणजे सव्वातीन मिलिमीटरची सुई सोडून ९ किंवा ८ घ्या. आपल्याकडे नंबर उतरतो तशी सुई जाड होते, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. क्रोशाच्या सुईच्या खाचेत बोट फिरवून बघा. खरखर लागली तर बारीक पॉलिशपेपरने घासा, नाहीतर सुई बदला.

जुना स्वेटर उसवून विणणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि सगळ्यांत जास्त फोटो त्यांचेच येतात. उसवलेली लोकर तशीच सुईवर घेऊ नका. तिची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, न पिळता टॉवेलमध्ये दाबा आणि सावलीत वाळवा. खऱ्या लोकरीचा वाकडेपणा ह्याने बराच जातो. अ‍ॅक्रिलिकचा कमी जातो, आणि त्यावर इस्त्री मात्र कधीच ठेवू नका.

काळी लोकर दिवसा विणा, मांडीवर पांढरा पंचा पसरून. एक पदर सुटलेला दिसला तर तो टाका तेव्हाच मागे घ्या. चार ओळी पुढे गेल्यावर मन होत नाही.

एवढं सगळं करूनही माझी काळी लोकर फाटते, आणि ती हातामुळे की पिळामुळे ते मला आजही दर वेळी सांगता येत नाही. म्हणून पुढच्या वेळी फोटो पाठवाल तेव्हा सोबत कळवा: क्रोशा की सुया, हात उजवा की डावा, लोकर नवी की उसवलेली, आणि गुंड्याच्या कोणत्या बाजूने काढताय. नंबर मी मग सांगेन.