श्रूजबरीचा खासदार

बर्मिंगहॅमहून तासाभरात गाडी श्रूजबरीला पोचते. सेव्हर्न नदीच्या वेढ्यात वसलेलं गाव, काळ्या-पांढऱ्या लाकडी चौकटींची जुनी घरं, आणि भर चौकात रॉबर्ट क्लाइव्हचा पुतळा. पुतळा १८६० सालचा. २०२० मध्ये तो हटवावा म्हणून सह्या गोळा झाल्या, पण स्थानिक कौन्सिलने तो ठेवला.

आपण शाळेत शिकलो तो प्लासीचा क्लाइव्ह. या गावाचा मात्र तो खासदार. १७६१ पासून १७७४ मध्ये मरेपर्यंत. मध्ये महापौरही होऊन गेला. लॉर्ड झाल्यावरही तो कॉमन्समध्ये, म्हणजे पार्लमेंटाच्या खालच्या सभागृहात, बसू शकला; ब्रिटिश लॉर्डांची जागा वरच्या सभागृहात, पण त्याची पदवी आयर्लंडची होती. वडील, चुलतभाऊ, मित्र, सगळेच पार्लमेंटात. घराणेशाही काय आपल्याकडेच आहे होय!

पण मला रस त्याच्या आधीच्या निवडणुकीत. दक्षिणेत अर्काटची लढाई गाजवून, पैसा घेऊन तो मायदेशी परतला आणि १७५४ मध्ये कॉर्नवॉलमधल्या मिचेल या मूठभर मतदारांच्या गावातून उभा राहिला. जिंकलाही. विरोधकांनी तक्रार केली, आणि मार्च १७५५ मध्ये सभागृहाने त्याची निवड रद्द केली. बराच पैसा खर्चून हाती काही नाही. मग पुन्हा ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली आणि तो मुंबईला आला.

आणि पुढच्याच फेब्रुवारीत विजयदुर्ग! समुद्रातून इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार, जमिनीवर क्लाइव्हची फौज. मराठी आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांची जहाजं जळाली. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मोहिमेत सोबत असलेल्या पेशव्यांच्या हाती त्यातलं काही लागलं नाही. किल्लासुद्धा पुढे बाणकोट देऊन सोडवून घ्यावा लागला. स्वतःचं आरमार बुडवायला नानासाहेब पेशव्यांनी परक्यांना बोलावलं, याची चिडचीड मला त्या चौकातही झाली.

पुढच्याच वर्षी प्लासी. बंगालचा नवा नवाब मीर जाफर याच्याकडून २,३४,००० पौंड, वर सालाना २७,००० पौंडांची जहागीर. १७७३ मध्ये या संपत्तीची चौकशी झाली ती त्याच कॉमन्समध्ये, जिथे तो स्वतः सदस्य होता. आपण इतक्या कमीवर थांबलो याचंच आपल्याला नवल वाटतं, असं तो तिथे म्हणाला. सभागृहाने शेवटी त्याच्या देशसेवेची वाखाणणीच केली.

मार्केट ड्रेटनपर्यंत बस आणि पुढे टॅक्सी करून ‘मोर्टन से’ या गावच्या चर्चमध्ये गेलो. क्लाइव्ह इथेच पुरलेला आहे, पण नेमका कुठे याची खूण नाही. भिंतीवर एक पितळी पाटी तेवढी आहे: ‘प्राइमस इन इंडिस’, हिंदुस्थानात पहिला.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर श्रूजबरीहून गाडीने वेल्शपूल गाठा आणि पोविस कॅसल बघा. क्लाइव्ह तिथे कधी राहिला नाही. वाडा घराण्यात आला तो मुलाच्या लग्नामुळे. टिपूचा तंबू तिथे आहे. बाग सुंदर आहे, पण चढ भरपूर, तेव्हा बूट नीट घाला.