नोस्फेराटू गावात दाखवायचा तर आधी निळी रात्र शोधा

मुर्नाऊचा १९२२ सालचा रक्तपिपासूवरचा जर्मन मूकपट ‘नोस्फेराटू’ झाडीपट्टीतल्या गावात रंगतो. धानकापणी आटोपल्यावर रात्रभर नाटक बघणारी माणसं मूकपटाला कंटाळत नाहीत. प्रत चुकली की मात्र सगळं फसतं.

यातली रात्रीची बाहेरची दृश्यं दिवसा घेतलेली आहेत. नंतर फिल्म रंगवली: रात्र निळी, दिव्याचा उजेड पिवळा, पहाट गुलाबी. नुसती काळी-पांढरी प्रत लावली, तर यातला रक्तपिपासू काउंट ऑरलोक शवपेटी बगलेत धरून लख्ख दिवसा शहरातून चालताना दिसतो. शेवटी तोच कोवळ्या उन्हानं विरून जातो. मग पोट्टे विचारणारच, “मंग मघा उन्हात कसा नाही मेला?” प्रश्न रास्त आहे. उन्हानं रक्तपिपासू मरतो ही कल्पना याच चित्रपटानं रुजवली. ज्या कादंबरीवरून तो बेतला, त्या ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’त ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो.

परवानगी न घेता चित्रपट केला म्हणून स्टोकरच्या पत्नीनं दावा लावला आणि १९२५मध्ये कोर्टानं प्रती नष्ट करायला सांगितल्या. वाचल्या त्यांतून आज कमी-जास्त लांबीच्या प्रती फिरतात. दीड तासाच्या आसपासची घ्या. सेकंदाला १८ फ्रेमच्या वेगाची फिल्म २४ने पळवली की ९४ मिनिटांचा खेळ ७० मिनिटांत उरकतो, आणि ऑरलोकची ती संथ, ताठ चाल भुर्रकन जाते. लोक हसतात.

चित्र चौकोनी आहे. ८ बाय ६ फुटांचा मांजरपाट पुरतो, पण आजच्या प्रोजेक्टरचं चित्र रुंद. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. म्हणून प्रोजेक्टरचं पडद्यापासूनचं अंतर ८ फूट रुंदीवरून मोजू नका. ६ फूट उंचीला पूर्ण रुंदी साधारण पावणेअकरा फूट होते. प्रोजेक्टरला चित्राच्या रुंदीच्या दीडपट अंतर लागत असेल, तर तो १६ फुटांवर ठेवा. कापड चारही बाजूंनी बांबूला ताणून बांधा, नाहीतर दवानं ओलं होऊन झोळ पडतो. पौर्णिमा टाळा, जवळचा खांबावरचा दिवा बंद करायला सांगून ठेवा. धान उभं असताना खेळ नको, तुडतुडे थेट उजेडावर येतात.

पडद्यावर येणाऱ्या मधल्या मजकुराच्या पाट्या कोणीतरी आपल्या बोलीत मोठ्यानं वाचाव्यात, आदल्या दिवशी एकदा वाचून बघून. जिन्याच्या प्रसंगात मात्र वाचणाऱ्यानं आणि पेटीवाल्यानं, दोघांनीही थांबावं. तिथं ऑरलोक स्वतः दिसतच नाही. भिंतीवर फक्त त्याची सावली चढते, लांब नखांचा हात दाराकडे सरकतो. पुढं तीच सावली नायिका एलेनच्या छातीवर येते आणि मूठ आवळते.