तुम्ही विचारलंत म्हणून: लूव्रमधला वाघ

पॅरिसला आमच्याकडे येणारे पाहुणे हमखास विचारतात, "लूव्रमध्ये मोनालिसा सोडून काय बघू?" माझं उत्तर ठरलेलं आहे: रिशेल्यू विभागात फ्रेंच शिल्पांकडे जा आणि एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारी याचा वाघ बघा. मीटरभर लांबीचं ब्राँझ आहे. वाघानं एका 'गाव्हियाल'ला दाबून धरलंय. गाव्हियाल म्हणजे घडियाल, गंगेतली लांब तोंडाची सुसर.

आधी वाघाचे खांदे बघा. सगळं अंग जमिनीलगत आणि खांद्याची हाडं कातडीखालून वर आलेली. मांजर उंदराला धरून बसते ना, तशीच पाठ. मग सुसरीकडे या. जिवाच्या आकांतानं पिळवटलीय बिचारी. ते निमुळतं तोंड मासे धरायचं, वाघापुढे त्याचं काय चालणार! मला दर वेळी तिथेच गलबलून येतं.

बारीनं भारत कधी पाहिला नाही. त्याचे वाघ-सिंह जार्दां दे प्लांत या पॅरिसमधल्या बागेतल्या प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांतले. तिथलं एखादं जनावर मेलं की हा मापं घ्यायला हजर. 1829 साली सिंह मेला तेव्हा चित्रकार देलाक्रवानं त्याला घाईघाईनं चिठ्ठी धाडली: सिंह गेला, धावत ये. मेलेल्या जनावरांची हाडं न् स्नायू मोजून मोजून त्यानं वह्या भरल्या. त्यात हात सोनारकामात तयार झालेला, म्हणून तर सुसरीचा खवला न् खवला असा उमटलाय.

1831च्या सलोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात, हा वाघ प्लास्टरमध्ये मांडला होता, पुढच्या वर्षी ओतारी ऑनोरे गोनाँनं तो ब्राँझमध्ये ओतला. बारीचं नाव झालं. तरी प्राणी घडवणाऱ्यांना 'आनिमालिए' म्हणत, आणि त्या शब्दात हेटाळणी असे. 1837 मध्ये सलोंनं त्याचं काम नाकारलं. मग स्वतःच मूर्ती ओतून विकायला लागला, तर 1848 मध्ये दिवाळं निघालं. स्वतःच्याच वाघ-सिंहांचे साचे कर्जापायी दुसऱ्याच्या ताब्यात गेले, हे मला फार लागतं. आज जुन्या वस्तूंच्या बाजारात 'बारी' म्हणून मिळणाऱ्या कितीतरी मूर्ती 1875 मध्ये तो गेल्यानंतर बार्बेदिएनच्या कारखान्यात ओतलेल्या आहेत.

लूव्रमधला मात्र त्याच्या डोळ्यांदेखत ओतलेला. गेलात तर घाई करू नका, आणि सुसरीच्या तोंडाच्या बाजूनं उभे राहा.